गाळी गरम झाली की...

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

‘मराठी विभागाला मेकॅनिकलकडून एकही लेख आलेला नाही,’ असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मेसच्या रांगेत सांगितलं आणि वर ‘तू तरी लिही’ अशी पुस्तीही जोडली. मला हसूच आलं. केजीपासून बारावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड, आणि मराठीच्या पेपरात पास झालं की घरी पेढे! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिनेच काढायच्या, या अटीवर लिहायला बसले आहे. त्यातूनही राहिलेल्या चुका तिच्या समजाव्यात.

विषय शोधावा लागला नाही. तो कित्येक महिने डोक्यात बसून आहे आणि होस्टेलवर मी तो अजून कोणालाच पूर्ण सांगितलेला नाही. रूममेटला सांगितला तो ‘आम्ही घरची ऑटोमॅटिक गाडी कशी दुरुस्त केली’ एवढाच. म्हणजे अर्धा. उरलेला अर्धा आज लिहिते.

मी वलगावची. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर पेढी नदी आणि आमचं गाव. गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे जाताना, पेढी नदीजवळ. त्यामुळे दर डिसेंबरात आमच्याकडे लोक येतात, रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि ज्याच्याकडे भाड्याची गाडी आहे त्याचे चार दिवस बरे जातात.

आमच्या घरात भाड्याची गाडी मोठेबाबांकडे. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. ‘काका’ म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. मोठेबाबा आणि मोठीआई, बस्स. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे ओम्नी होती. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या मधल्या काळात आख्ख्या महाराष्ट्रातली निम्मी पोरं तिच्यातच कोंबून शाळेत गेली असावीत! मी त्यातलीच. वलगावहून अमरावतीच्या शाळेपर्यंत सीटच्या मागे, दप्तरांवर बसून. बाकीच्या पोरांचे आईबाप महिन्याचे पैसे द्यायचे. माझं भाडं नव्हतं. उलट माझ्या फीचे कमी पडलेले पैसे त्याच ओम्नीच्या कमाईतून जायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मी अकरावीत असताना मोठेबाबा शेतात धुऱ्यावरून पडले आणि डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालता यायला लागलं, पण क्लच दाबणं डॉक्टरांनी बंद केलं. दिवसातून चारशे-पाचशे वेळा क्लच दाबणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, ते घरात असल्याशिवाय समजायचं नाही. ओम्नी विकली. मोठेबाबा आठ महिने ओसरीत बसून होते. मग कोणीतरी सांगितलं की पुण्याला एक सात सीटची ऑटोमॅटिक गाडी निघाली आहे, एकाच घरची वापरलेली. कर्ज काढून ती आणली, टॅक्सी पासिंग करून पिवळी पाटी लावली. ऑटोमॅटिकमध्ये दोनच पेडल. ‘हा पाय आता पाव्हना हाये, त्याले फक्त फिरवून आनाचं,’ असं म्हणून मोठेबाबा डाव्या गुडघ्यावर थाप मारायचे.

इथे एक कबुली. आमच्या वऱ्हाडीत ‘ड’चा बऱ्याचदा ‘ळ’ होतो. घोडा म्हणजे घोळा, थोडं म्हणजे थोळं आणि गाडी म्हणजे गाळी. फर्स्ट इयरला घरचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायची, कोणी ऐकू नये म्हणून. आता नाही जात.

तर २०२४ च्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मोठेबाबा म्हणाले, ‘पाय बरं वं जरासं, गिअर बदलताना गाळी थोळी हासके देते. तू त इंजिनेर ना आता?’

सेकंड इयर पास झालेल्या मुलीला याहून मोठा सन्मान कोणता? मी बॉनेट उघडलं. आजूबाजूला चुलतभावंडं जमली. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं, ज्याला एटीएफ म्हणतात, एवढं मला माहीत होतं. या गाडीची पेटी जुन्या पद्धतीची, चार गिअरची, त्यामुळे तेल पाहायला डिपस्टिक होती. (नवीन गाड्यांत बहुतेक वेळा तीही नसते.) मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवलं, गिअर ‘पी’मध्ये ठेवला, डिपस्टिक काढून पुसली, परत घातली, काढली. तेल खुणेच्या बरंच खाली! मी गाडीच्या मॅन्युअलमधला ग्रेड शोधला, अमरावतीहून बरोबर त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा मागवला आणि नरसाळ्याने ओतायला लागले. अर्धा ओतून पाहिलं. नळीच्या आतल्या बाजूला नुकतंच ओतलेलं तेल लागलेलं, त्यामुळे काडीभर नुसता ओघळ, नीट काही दिसेना. मग उरलेला अर्धाही ओतला. आता तेल खुणेला छान टेकलं. मोठेबाबांनी सगळ्या आळीला सांगितलं की पोरीनं गाळी नीट केली. गाडी चार-आठ दिवस खरंच मऊ चालली असं ते म्हणत होते. मला वाटतं, तो त्यांचा माझ्यावरचा विश्वास होता, तेलाचा गुण नव्हे.

डिसेंबरात, माझे शेवटचे दोन पेपर राहिले असताना, रात्री मोठीआईचा फोन. मोठेबाबा अमरावतीच्या एका कुटुंबाला चिखलदऱ्याला घेऊन निघाले होते. परतवाडा सुटून चढ लागला आणि गाडीने दगा दिला. पाय दाबला की इंजिन ओरडायचं, काटा चार हजारांवर, पण गाडी बैलगाडीच्या चालीने. त्यात एक बारीक ‘कुंईऽऽ’ असा आवाज. अर्धा तास थांबले, बॉनेट उघडं ठेवलं, तर पुन्हा व्यवस्थित. दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा तेच. दोन म्हातारी माणसं आणि तीन लेकरं घाटात रस्त्याच्या कडेला. शेवटी दुसरी गाडी बोलावून त्यांना पाठवलं, भाडं सोडलं, वरून त्या गाडीचे पैसेही दिले.

मी पेपर संपवून बडनेऱ्याला उतरले तोवर गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. (कोणत्या, ते लिहीत नाही. पुढे वाचाल तर दोष त्यांच्यापेक्षा दुसऱ्याचाच जास्त निघेल.) त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०७३०, म्हणजे ‘गिअरचं गुणोत्तर चुकतं आहे’. शिवाय पेटीच्या खालच्या अंगाला तेलाचा राप दिसला. निदान असं: आतल्या क्लच प्लेटा जळाल्या, सील गेलं, पेटी बदला. अडीच लाखांच्या वर. गाडीच्या कर्जाचे हप्ते अजून सव्वीस महिने बाकी होते.

मोठेबाबा काही बोलले नाहीत. ओसरीत त्याच जागी बसले होते, जिथे आधी आठ महिने बसले होते. मोठीआईने हळूच सांगितलं की एक गिऱ्हाईक आलं आहे, ‘आहे तशी’ घेतो म्हणतो, निम्म्याहून कमी पैशात, सोमवारी येणार आहे. तो दिवस गुरुवार.

आता जरा थांबून ही पेटी कशी चालते ते सांगते. कॉम्प्युटरवाल्यांनी हवं तर पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. पण सोडू नयेत.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात बरंच काही खपतं. २०१४ साली सेलेरिओतून जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, तिला एएमटी म्हणतात. तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो. तो दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्र, इतकाच फरक. मोठेबाबांची गाडी त्यातली नाही. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याऐवजी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात, म्हणजे झाला कन्व्हर्टर. (मध्ये तिसरा एक छोटा पंखा असतो, त्याच्यामुळे टॉर्क वाढतो. तो परीक्षेत विचारतात.) ही कल्पना हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ च्या पेटंटची, आणि ती मोटारींसाठी नव्हतीच. जहाजांसाठी होती. मोटारीत ऑटोमॅटिक गिअर घाऊक प्रमाणावर आले ते १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईलमध्ये, हायड्रामॅटिक या नावाने.

कन्व्हर्टरच्या मागे एपिसायक्लिक गिअर. हो, टीओएममध्ये ज्याचं टेबल मांडताना आपल्याला घाम फुटतो तेच. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. यातलं काय धरून ठेवलं आणि काय सोडलं यावर गिअर ठरतो. धरायचं काम प्लेटांचे क्लच करतात आणि त्या क्लचना दाबतं ते तेल. तेल पंपातून निघतं, वाटेतल्या झडपा कोणत्या क्लचकडे जायचं ते ठरवतात. म्हणजे एकच एटीएफ ताकद नेतं, क्लच दाबतं, गिअरला वंगण देतं आणि उष्णताही बाहेर काढतं. घरातल्या मोठ्या सुनेसारखं! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात चक्क स्पर्म व्हेलचं तेल मिसळत, क्लच धरताना झटका बसू नये म्हणून. व्हेल वाचवायचे कायदे आले, त्याच्यावर बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली. हे मी लायब्ररीत वाचलं तेव्हा लेक्चर बुडालं होतं, पण वाईट वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी आणि मोठेबाबा गाडी घेऊन चाचांच्या गॅरेजवर गेलो. गॅरेज म्हणजे रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड, एक खड्डा आणि एक कडुलिंब. चाचांनी मोठेबाबांची ओम्नी वीस वर्षं सांभाळली. ऑटोमॅटिक पेटी मात्र त्यांनी आजवर उघडलेली नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं. ‘बेटी, हे आपलं काम नाई. पन तू सांग, मी पाना फिरवतो.’

मी होस्टेलमधून लॅपटॉपवर त्या पेटीचं रिपेअर मॅन्युअल घेऊन गेले होते. त्यात एक तक्ता असतो, कोणत्या गिअरला कोणता क्लच धरतो त्याचा. तो मी एका कागदावर उतरवला होता आणि प्रवासात त्याच्याकडे बघत बसले होते. एखादी क्लच प्लेट जळाली तर ती ज्या गिअरमध्ये लागते तेवढेच गिअर घसरायला हवेत. म्हणून आम्ही गाडी बाहेर काढली. थंड असताना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स, सगळे ठीक. आसेगावच्या दिशेने नेली, वीस मिनिटांनी घसरायला लागली. आणि घसरली ती सगळ्या गिअरमध्ये. रिव्हर्समध्येसुद्धा. पुढे जाताना लागणारे क्लच वेगळे, रिव्हर्सचे वेगळे. सगळ्याच प्लेटा एकदम जळतील आणि थंड झाल्यावर एकदम बऱ्या होतील? म्हणजे रोग प्लेटांच्या आधीचा. सगळ्यांना जे सारखं मिळतं, त्यात. तेलाचा दाब.

मी हे माझ्या इंग्रजी-मराठी खिचडीत समजावत होते. चाचा तंबाखू मळत ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हंजे ब्रेकात हवा भरते तसं का?’

मी गप्पच झाले. कारण अगदी तसंच! ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि ब्रेक लागत नाही, कारण तेल दबत नाही पण हवा दबते. गॅरेजमधल्या दहावी नापास पोरालाही ‘एअर काढणं’ माहीत असतं. मी तीन दिवस दाब कमी का होतो याचा विचार करत होते. गाळणी तुंबली असेल, पंप झिजला असेल. हवेचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण तो ‘कुंईऽऽ’ आवाज? पंपात हवा जाते तेव्हा तो असाच किंचाळतो.

‘गेज काढ,’ चाचा म्हणाले.

गाडी तशीच गरम होती, इंजिन चालू होतं. मी डिपस्टिक पुसून घातली, काढली. टोकापासून वरपर्यंत बारीक बारीक बुडबुडे, दुधावर येतात तसे. तेलाची पातळी खुणेच्या बोटभर वर. आणि त्याच क्षणी मला दिसलं की काडीला खुणांच्या दोन जोड्या आहेत. वरची ‘हॉट’. खालची ‘कोल्ड’.

दिवाळीत मी सकाळी सात वाजता, रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीचं तेल ‘हॉट’च्या खुणेला भिडवलं होतं.

आता इथे थोडं गणित, कारण मी ते तिथेच उभ्या उभ्या मनात केलं आणि करू नये असं वाटत होतं. पेटीत एकूण तेल सहा लिटरच्या आसपास. तेल दर अंशाला साधारण ०.०००७ पट फुगतं. सकाळचे २५ अंश आणि चालून गरम झाल्यावर ८० धरले तर फरक ५५ अंशांचा. सहा गुणिले ५५ गुणिले ०.०००७, म्हणजे जवळजवळ पाव लिटर. पाण्याचा एक पेला. कंपनीने दोन वेगळ्या खुणा केल्या त्या यासाठी. मी घातलं होतं एक लिटर. तेल इतकं वर आलं की फिरणारे गिअर त्यात बुडाले आणि त्यांनी ते रवीसारखं घुसळलं. फेस झाला. फेस पंपात गेला, क्लच ढिले पडले, घसरले, घसरल्याने अजून गरम झाले, अजून फेस. जास्तीचं तेल ब्रीदरच्या नळीतून बाहेर उडालं, तोच पेटीखालचा राप, ज्याला ‘सील गेलं’ म्हणत होते.

गाडीच्या मागच्या सीटखाली काच धुवायला एक मग असतो. मोठीआईने केलेला, तेलाचा रिकामा डबा अर्धा कापून. तो त्या दिवशी तिथेच पडलेला होता. एक लिटर असं त्याच्यावर छापलेलं, अजून वाचता येत होतं.

मोठेबाबा कडुलिंबाखाली खुर्चीत बसले होते. ‘काय सापडलं वं?’

‘तेल जास्त झालंय,’ मी म्हणाले. क्रियापद बघा! ‘झालंय.’ जसं काही ते आपोआप झालं. मराठीतली ही सोय कॉन्व्हेंटच्या मुलीलाही बरोबर वेळेला सापडते.

‘पुण्यावाल्यानं भरलं असन,’ मोठेबाबा म्हणाले. मी ‘नाही’ म्हणाले नाही.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. दिवाळीत डबा कोणी मागवला हे त्यांना माहीत होतं, त्यांच्याच पोराने अमरावतीहून आणून दिला होता. ते काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘उद्या थंडी झाल्यावर खोलू.’

त्या रात्री मी जेवले, मोठीआईने माझ्या आवडीचं भरीत केलं होतं. रात्री मोठेबाबा बाबांना सांगत होते, ‘सर्व्हिसवाल्यायले नाई सापडलं थे माह्या पोरीनं काढलं.’ मी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. झोप लागली नाही. डोक्यात सारखा हिशोब: घाटातलं भाडं, दुसऱ्या गाडीचे पैसे, स्कॅनिंगचे पैसे, वीस डिसेंबरच्या आसपासची चार बुकिंगं जी दुसऱ्यांना गेली. सांगितलं नाही तरी गाडी तशीच नीट होणार होती. कोणाचं काही अडणार नव्हतं. हा मुद्दा मी रात्रभर स्वतःला पटवला आणि तो बऱ्यापैकी पटलाही होता.

शनिवारी सकाळी गॅरेजवर जाताना मोठेबाबा शेजारच्या सीटवर होते, गाडी मी हळूहळू नेत होते. पेढीचा पूल येईपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. पुलावर म्हणून टाकलं, ‘मोठेबाबा, तेल मीच जास्त टाकलं होतं. दिवाळीत. खूण चुकली माझी.’

ते समोर बघत होते. बराच वेळ.

‘किती?’

‘अर्ध्या-पाऊण लिटरने.’

‘हूं.’

एवढंच. मला वाटलं होतं रागावतील, किंवा सिनेमात म्हणतात तसं ‘जाऊ दे बेटा’ म्हणतील. दोन्ही झालं नाही. गॅरेज आलं, ते उतरले, दार जरा जोरात लावलं. मग चाचांना म्हणाले, ‘खोल गड्या. पोरगी सांगन तसं कर. मी पाह्यतो.’ आणि त्यांनी खुर्ची कडुलिंबाखालून उचलून खड्ड्याच्या काठावर आणून ठेवली.

खालचा नट काढून तेल परातीत सोडलं. नवीन एटीएफ लालभडक असतं, हे काळपट चॉकलेटी निघालं. वास कुबट, पण पूर्ण जळकट नाही. मापट्याने मोजलं. मग पॅन खोलला. पॅनच्या आत चुंबकं बसवलेली असतात, लोखंडाचा कीस धरायला. त्यांच्यावर करडी, मऊ पेस्ट होती. ती चालते, वापरलेल्या कोणत्याही पेटीत निघते. मी जीव मुठीत धरून शोधत होते ते चकचकीत तुकडे. ते नव्हते. मात्र तळाला काळे बारीक कण होते, चिमूटभर. ते क्लच प्लेटांचं अस्तर. म्हणजे प्लेटा घाटात थोड्या भाजल्याच होत्या. मी ते कण बोटावर घेऊन मोठेबाबांना दाखवले आणि ते काय आहे तेही सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाळणी नवी घातली, पॅनचं पॅकिंग नवं, चुंबकं पुसली. एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पॅन खोलला तरी सगळं तेल निघत नाही, जवळजवळ अर्धं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून तीन हप्त्यांत बदलायचं ठरवलं, मध्ये दोन-दोनशे किलोमीटर चालवून.

आता पातळी. गाडी सपाट जमिनीवर पाहिजे आणि चाचांच्या अंगणात सपाट असं काहीच नाही. चाचांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाण्याची नळी आणली, चारही चाकांजवळ लेव्हल धरली आणि मागच्या डाव्या चाकाखाली दोन फरश्या सरकवल्या. तापमानासाठी कोरोनातली ताप मोजायची बंदूक निघाली, पण ती माणसाच्या तापापलीकडे जात नाही, नुसती ‘हाय’ म्हणते! मग इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर आणला, त्याच्यासोबत तापमानाची वायर येते, ती पॅनला चिकटपट्टीने लावली. गाडी फिरवून आणली. ७५ अंश. ब्रेक दाबून गिअर पी, आर, एन, डी असा एकेक फिरवला आणि परत ‘पी’मध्ये. इंजिन चालू. काडी पुसली, घातली, काढली. दोनदा, तीनदा. तेल ‘हॉट’च्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये, आणि एकही बुडबुडा नाही.

‘पाह्य ना अजून एकदा,’ मोठेबाबा म्हणाले. मी चौथ्यांदा पाहिलं.

रविवारी परतवाड्यापर्यंत गेलो, परत आलो. घसरली नाही. कुंई आवाज नाही. मी परत होस्टेलवर यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी गाडीत सात माणसं भरून घाट चढवला, आमच्याच घरची, नाराज झाली तरी आपलीच. चिखलदऱ्याला सगळे चहा प्यायले. सोमवारी गिऱ्हाईक आलं होतं ते चहा पिऊनच गेलं, हे सांगायचं राहिलं.

एकूण खर्च तेल, गाळणी, पॅकिंग आणि चाचांची मजुरी धरून अकरा हजारांच्या आत आला. बुडलेली भाडी वेगळी. ती मी डायरीत लिहून ठेवली आहेत. मोठेबाबांना ते माहीत नाही. (आता होईल, मासिक घरी जातं.)

पण पेटी पूर्वीसारखी झालेली नाही. प्लेटांचं जे अस्तर गेलं ते गेलं. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना एक हलका हासका बसतो, गाडी गरम झाल्यावर जास्त. अजून किती वर्षं निघतील ते सांगता येत नाही. चाचा म्हणतात पाच, मी म्हणते तीन.

मोठेबाबांनी डिपस्टिकच्या कडीला लाल चिंधी बांधली आहे आणि बॉनेटच्या आतून खडूने लिहिलं आहे: ‘गाळी गरम झाल्यावर पाहाचं.’ अक्षर त्यांचंच. दर सुट्टीत मी घरी जाते तेव्हा बडनेऱ्याला तेच घ्यायला येतात. मी मागे बसते, कारण पुढे भाजीच्या पिशव्या असतात. वलगावचा रस्ता मोकळा लागला की ते पाय दाबतात, पहिला, दुसरा, आणि मग तो हासका. तेव्हा मोठेबाबा काहीच बोलत नाहीत. फक्त आरशात पाहतात. मीही पाहते.